शालेय मुलांचा आहार व घरचा वाटा

लोहा तालुक्याच्या शिवारात ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा व सोयाबीन ही पिके होतात. ज्या घरी ही धान्ये पिकतात, त्याच घरचे मूल पुष्कळदा सकाळी नुसता चहा व बिस्किटे घेऊन शाळेत जाते. याचा प्रत्येक शेतकरी कुटुंबाने विचार करावयास हवा.

शाळेत दुपारी जेवण मिळते, तेव्हा मुलाच्या पोषणाची काळजी मिटली, असा समज सर्वत्र आढळतो. शालेय पोषण आहाराची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली व २०२१ पासून ती ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलास तीत रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी यांचे जेवण ठरविलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. परंतु सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे १,७०० उष्मांक लागतात. म्हणजे शाळा चतकोर भाकरी देते; उरलेली भाकरी घरानेच द्यावयाची असते. शिवाय या वर्गांसाठी कायद्याने ठरविलेले शाळेचे दिवस वर्षाला किमान २०० आहेत. सुटीच्या दिवशी तो चतकोरही घराकडेच येतो.

ही उणीव शाळेत येण्यापूर्वीच सुरू होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० बालकांपैकी सुमारे ६९ बालकांत रक्तक्षय आढळला. असे मूल लवकर थकते, खेळात मागे राहते व त्याचे पाठात लक्ष लागत नाही. आपण त्यास आळशी अथवा मठ्ठ म्हणतो. वस्तुतः त्याच्या रक्तात लोह कमी असते.

यावर घरच्या घरी करता येण्याजोगे उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

(१) मुलास उपाशीपोटी शाळेत पाठवू नये. ज्वारीची भाकरी किंवा धपाटे व शेंगदाण्याची चटणी ही न्याहरी उत्तम होय.

(२) जेवणाबरोबर चहा देऊ नये. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. उलट लिंबू पिळल्याने ते अधिक लागते.

(३) मूग व मटकी मोड आणून द्यावी. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंबाडी यांपैकी एखादी पालेभाजी ताटात असावी. सांडपाण्यावर परसात शेवगा सहज वाढतो.

(४) सोयाबीन कच्चे दळू नये. उकळत्या पाण्यात सुमारे २० मिनिटे शिजवून, वाळवून, नऊ भाग ज्वारी किंवा गव्हात एक भाग मिसळून दळावे.

(५) शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी व लोहाची साप्ताहिक गोळी चुकवू नये.

हे काही नवे शिक्षण नव्हे. वेळ अमावस्येला शेतात वाढल्या जाणाऱ्या पानात भाकरी, अनेक शेंगा व भाज्यांची भज्जी आणि ताकातील आंबील असते. धान्य, कडधान्य, भाजी व ताक यांचा हा मेळ सणापुरता न ठेवता रोजच्या ताटात यावा, एवढेच सांगणे आहे.

माल बाजारात नेण्यापूर्वी शेतकरी बियाणे बाजूस काढतो. तसाच मुलांचा वाटाही काढावा. एका मुलास रोज ३० ग्रॅम डाळ दिली, तर वर्षाला सुमारे ११ किलो लागते. दोन मुलांस २२ किलो, म्हणजे एका क्विंटलाचा पाव हिस्साही नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीच्या आधीच घरोघरी जाऊन हा हिशेब मांडावा. मळणीनंतर पोती आडतीवर गेली, की तीच डाळ मोंढ्यातून चढ्या भावाने आणावी लागते. आणि भाव चढला, की पहिली काटछाट मुलाच्या ताटात होते.