हत्तीच्या वाटेवर मधमाश्यांचं कुंपण



पीक हाताशी आलं की राखणीच्या रात्री सुरू होतात. माळ्यावर जागायचं, डबे बडवायचे, फटाके लावायचे. आपल्या दोडामार्गात २००२ साली कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून हे नशिबी आलं. आफ्रिकेतल्या केनिया देशात त्साव्हो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाजवळ सागाल्ला नावाचा भाग आहे. तिथला मका पिकवणारा लहान शेतकरीही हेच भोगतो. त्याने धरलेला उपाय समजून घेण्यासारखा आहे.

एवढा थोरला हत्ती, पण मधमाशीला भितो! डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत माशी डसली की त्याला सोसत नाही. हे हेरून डॉ. लुसी किंग या संशोधक बाईंनी तिथल्या शेतकऱ्यांसोबत मधपेट्यांचं कुंपण उभं केलं.

रचना साधी आहे. शेताच्या कडेने खांब रोवायचे आणि दर १० मीटरवर पेटी टांगायची. एक पेटी माश्यांची, पुढची नुसत्या फळीची, खोटी. सगळ्या एका तारेने जोडायच्या. हत्तीने तार ढकलली की पेट्या हलतात, माश्या चवताळून बाहेर पडतात. वीज लागत नाही, हत्तीला कायमची इजा होत नाही, वर मधाचे दोन पैसे मिळतात.

२०१४ ते २०२० मधल्या नोंदींनुसार पिकाच्या ऐन हंगामात शेतापाशी आलेल्या हत्तींपैकी ८६ टक्क्यांपर्यंत हत्ती माघारी फिरले. म्हणजे काही आत शिरलेच, हेही ध्यानात घ्या. २०१७ च्या दुष्काळात तर फुलोरा आटला आणि पेट्या ओस पडल्या. तेव्हा कुंपण बांधून मोकळं होता येत नाही. माश्यांना पाणी हवं, फुलं हवीत, पेट्यांची देखभाल हवी.

आपल्याकडे खादी व ग्रामोद्योग आयोगाने मार्च २०२१ मध्ये कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात असा प्रयोग सुरू केला. मात्र आपली सातेरी माशी आफ्रिकेतल्या माशीपेक्षा शांत आहे. तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा धरू नका.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही एक सांगणं. एकट्याच्या बांधावर पेट्या लावल्या तर हत्ती शेजाऱ्याच्या शेतात वळेल. म्हणून ग्रामसभेत बसा, हत्तीची नेहमीची वाट नकाशावर काढा, रानाकडच्या एका पट्ट्यात सगळ्यांनी मिळून करून बघा. किती वेळा हत्ती आला, किती वेळा फिरला, याची वही ठेवा. पुढच्या हंगामाचा निर्णय त्या वहीवरूनच घ्या.