मागे फिरण्याचे धैर्य

एखादे लहान विमान कोसळले की प्रथम दैवाला बोल लावला जातो, मग यंत्राला. आणि ती दोन्ही निर्दोष ठरली म्हणजे, जो आता उत्तर देऊ शकत नाही, त्या वैमानिकाला. हा क्रम आम्हांस मान्य नाही. अशा कित्येक अपघातांचे बीज, विमान अद्याप जमिनीवर उभे असतानाच, पेरले गेलेले असते.

३ फेब्रुवारी १९५९ ची रात्र घ्या. अमेरिकेतील आयोवा राज्यात मेसन सिटी येथून एक इंजिनाचे बीचक्राफ्ट बोनान्झा विमान मध्यरात्रीनंतर फार्गोकडे निघाले. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स व जे. पी. रिचर्डसन हे लोकप्रिय गायक त्यात होते. कडाक्याच्या थंडीतील बसप्रवासाला कंटाळून त्यांनी हा मार्ग पत्करला होता. काही मिनिटांतच विमान शेतात आदळले आणि एकवीस वर्षांच्या वैमानिकासह चौघेही ठार झाले.

चौकशीत यंत्रात बिघाड आढळला नाही. आभाळ भरलेले, खाली दिव्यांची वस्ती तुरळक. अशा रात्री केवळ उपकरणांवर विसंबून उडावे लागते, आणि तसा परवाना त्या तरुणाजवळ नव्हता. उड्डाणाचा निर्णय अविचाराचा होता, असा निष्कर्ष निघाला. परंतु तेवढ्यावर अहवाल थांबला नाही. मार्गावरील बिघडत्या हवामानाच्या दोन सूचना त्या वैमानिकाच्या नजरेस आणल्याच गेल्या नव्हत्या. शिवाय विमानाचे नाक वर आहे की खाली हे दर्शविणारे उपकरण, त्याच्या सवयीच्या उपकरणाहून उलट रीतीने दाखविणारे होते. दोष एकट्याचा क्वचितच असतो.

क्षितिज दिसेनासे झाले की मनुष्याचे शरीरच त्याला फसवते. कानाच्या आतील नलिकांमधील द्रव वळणाची जाणीव देतो. पण वळण संथपणे चालूच राहिले तर ती जाणीव नाहीशी होते. विमान कलते, घसरू लागते, आणि वैमानिकास मात्र आपण सरळ जात आहोत असेच वाटते. उंची कमी होताना पाहून तो नाक वर खेचतो, त्याने वळण अधिकच आवळले जाते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांवर प्रयोग झाला. बाहेरचे दिसेनासे केल्यावर सरासरी १७८ सेकंदांत विमान त्यांच्या ताब्याबाहेर गेले. उलट, काही तासांच्या शिक्षणानंतर मागे वळून सुखरूप बाहेर पडणे त्यांना साधू लागले. म्हणजे मेसन सिटीच्या अपघातापूर्वी पाच वर्षे रोग आणि उपाय दोन्ही ठाऊक होते!

तरीही १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन केनेडी, अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र, पत्नी व मेहुणीसह स्वतः विमान चालवीत निघाले आणि अटलांटिक सागरात कोसळले. समुद्रावर धुरकट काळोख होता, उपकरणांवर उडण्याचा परवाना त्यांच्यापाशीही नव्हता. दिशाभ्रम हेच कारण चौकशीत ठरले. चाळीस वर्षांत विमाने सुधारली, मनुष्याचा कान तोच राहिला. आणि त्याची घाईही तीच राहिली.

ज्ञान नव्हते म्हणून ही माणसे गेली नाहीत. ‘आज जाणे नाही’ हे शब्द वेळेवर उच्चारले गेले नाहीत म्हणून गेली. ते उच्चारणे सोपे नसते. भाडे ठरलेले असते, पुढच्या गावी माणसे वाट पाहत असतात, आणि नकार देणे म्हणजे भित्रेपणाची कबुली, असे तरुण वैमानिकास वाटते. ही लाज त्याच्या मनात कोण पेरतो? विमानाचा मालक पेरतो, आणि घड्याळाकडे पाहून कुरकुरणारे तुमच्याआमच्यासारखे प्रवासीही पेरतात.

मोठ्या विमान कंपनीतील वैमानिकाच्या पाठीशी दुसरा वैमानिक, नियमांची चौकट आणि एक मोठी यंत्रणा उभी असते. लहान विमानाच्या वैमानिकापाशी बहुधा स्वतःचाच विवेक असतो. त्या विवेकाला कायद्याचे पाठबळ हवे, मालकाचे अभय हवे, आणि प्रवाशाची मान्यताही हवी. उशिरा पोहोचलेल्याची माफी मागता येते. न पोहोचलेल्याची मागता येत नाही.