फ्लॅश कोणता घेऊ, मामू?

रमजान ईद होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. माझी भाची कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून घरी आली. विजापूर वेशीजवळच्या एका ओळखीच्या घरातला निकाह तिने टिपला होता. म्हणजे बायकांच्या बाजूचा सगळा भाग. मेहंदीची रात्र, नवरीचा साज, आजी-नानींचे चेहरे. पुरुषांकडे नेहमीचा फोटोग्राफर होता, पण बायकांच्या खोलीत त्या घराला मुलगीच हवी होती. अशी घरे सोलापुरात कमी नाहीत, आणि आपल्या मुलींना त्यातून घरची परवानगी सांभाळून चार पैसे मिळू शकतात.

फोटो बघितले आणि दोघेही जरा गप्प झालो. मेहंदीच्या हाताचे जवळून घेतलेले फोटो कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशने खाऊन टाकले होते. तळहात पांढराफटक, नक्षी फिकट आणि खालच्या बाजूला लेन्सची अर्धगोल सावली. नवरीच्या कपाळावर चकाकणारा डाग, मागच्या भिंतीवर काळी कडक सावली. त्या घरच्यांनी काही बोलून दाखवले नाही, पैसेही दिले. पण मुलीला कळले होते.

"मामू, मोठा फ्लॅश घेते. कोणता घेऊ?"

दुकानात तिला सर्वांत मोठ्या आकड्याचा फ्लॅश दाखवला होता. मैत्रीण म्हणत होती, रिंग फ्लॅश घे. पैसे तिचे स्वतःचे, शिकवण्यांचे आणि ईदीचे जमवलेले. खरेदी चुकली असती तर वर्षभर दुसरी झाली नसती. मी तीसेक वर्षे स्टुडिओ चालवला आहे. तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे आला ते ठीकच होते, पण उत्तराला संध्याकाळ गेली.

फ्लॅश केवढा, हा दुसरा प्रश्न. प्रकाश कुठून येतो आणि चेहऱ्याच्या जागेवरून बघितले तर तो केवढा दिसतो, हा पहिला. सोलापूरकरांना हे समजायला पुस्तक लागत नाही. मे महिन्याच्या दुपारी सावली सुरीने कापल्यासारखी पडते, कारण सूर्य कितीही प्रचंड असला तरी इथून टिकलीएवढा दिसतो. जुलैत आभाळ भरून आले की तोच प्रकाश सगळ्या आकाशातून येतो आणि सावली विरघळते. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश म्हणजे घरात आणलेली मे महिन्याची दुपार. त्याच जागी दसपट ताकदीचा फ्लॅश लावला तरी दुपारच राहील, फक्त आणखी लांबवर पोहोचेल.

म्हणून पोर्ट्रेटसाठी घ्यायचा तो फ्लॅश मान वर करणारा आणि मागे-बाजूला पूर्ण वळणारा हवा. नवरीकडे तोंड न करता तो भिंतीकडे किंवा छताकडे वळवायचा, म्हणजे ती सगळी भिंतच दिवा होते. इथे आपल्या घरांची एक अडचण आहे. जुन्या पेठांतल्या कितीतरी खोल्यांना पिस्ता किंवा निळा ऑइलपेंट असतो. हिरव्या भिंतीवरून आलेला प्रकाश नवरीला आजारी करतो! शामियान्याचे गुलाबी छतही तेच करते. भाचीला मी सांगितले, खोलीत शिरल्यावर आधी भिंती बघ. पांढरी भिंत नसेल तर कुणाला तरी थर्मोकोलचा मोठा पांढरा तक्ता धरायला सांग, किंवा दोरीवर धुतलेली पांढरी चादर टाक आणि फ्लॅश तिच्याकडे वळव. चादरीला या गावात तोटा नाही.

आता आकडा. फ्लॅशच्या ताकदीला गाइड नंबर म्हणतात. अंतर आणि लेन्सचे एफ हे दोन्ही गुणले की तो येतो. आयएसओ १०० ला गाइड नंबर ३६ मीटर असेल, तर एफ ४ ला प्रकाश ९ मीटर जातो, एफ ८ ला साडेचार. गोम अशी की काही कंपन्या हा आकडा फ्लॅशचे झूम २०० मिमीपर्यंत आवळून देतात, काही ३५ मिमीला. कॅननचा ६००ईएक्स ६० सांगतो तो २०० मिमीचा. निकॉनचा एसबी-७०० हा २८ सांगतो तो ३५ मिमीचा. नुसते ६० आणि २८ बघून एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे असे मानणे म्हणजे एकाच्या गजाने आणि दुसऱ्याच्या मीटरने कापड मोजणे. छतावरून परतून येताना प्रकाश चौथा-आठवा हिस्सा उरतो, म्हणून थोडी ताकद गाठीला हवी हे खरे. पण आयएसओ १०० चा ४०० केला की गाइड नंबर दुप्पट होतो, आणि आजच्या कॅमेऱ्यांना ४०० म्हणजे काहीच नाही. घरातल्या पोर्ट्रेटला मधल्या ताकदीचा फ्लॅश पुरतो.

मेहंदीची गोष्ट वेगळी. तिथे लेन्स हातापासून वीत-दोन वितींवर असते आणि कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश हाताच्या वरून निघून जातो. जो पोहोचतो त्याला लेन्स अडवते. तीच ती अर्धगोल सावली. बोटांपासून मनगटापर्यंत नक्षी स्पष्ट हवी तर एफ ११ पर्यंत जावे लागते, आणि लेन्स जितकी जवळ नेऊ तितका सेन्सरपर्यंतचा प्रकाशही घटतो. वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी सेन्सरवर उतरवायची तर चौथाईच उरतो. तरीही मोठ्या फ्लॅशची गरज पडत नाही, कारण फ्लॅशही तितकाच जवळ आणता येतो. अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून डाव्या हातात किंवा छोट्या स्टँडवर घ्यायचा, त्याच्यापुढे पांढरे पातळ कापड किंवा लहान सॉफ्टबॉक्स, आणि ताकद सोळाव्या-बत्तिसाव्या हिश्शावर. हातापासून फुटभर अंतरावर तो लहानसा सॉफ्टबॉक्स खिडकीएवढा होतो.

दिशाही बदलायची. ओली मेहंदी हातावर उंच उभी असते. प्रकाश बाजूने, जवळजवळ आडवा टाकला तर एकेक रेघ उठून दिसते. दुसऱ्या दिवशी रंग चढतो तेव्हा नक्षी सपाट असते; तिथे आडव्या प्रकाशाने फक्त हाताच्या सुरकुत्या उठतात. तेव्हा प्रकाश वरून, पसरट. जरदोजीच्या ओढणीला पुन्हा आडवा.

मग रिंग फ्लॅश का नको? मीही एकदा हौसेने घेतला होता. लेन्सभोवती कडे असल्याने सावलीच पडत नाही, आणि तीच त्याची खोड. मेहंदी छापल्यासारखी, दागिना पत्र्यासारखा, नवरीच्या बुबुळात पांढरी बांगडी. वर्षभर कपाटात पडला, शेवटी एका दातांच्या डॉक्टरांनी नेला आणि ते आजही खूश आहेत. तो आहेच त्या कामाचा. निकॉनने १९६२ मध्ये मेडिकल-निक्कोर लेन्समध्ये रिंग फ्लॅश बसवूनच दिला होता. तोंडाच्या आत दुसरीकडून प्रकाश जातच नाही. आणि बाजारात रील बनवायला मिळते ती रिंग लाइट म्हणजे फ्लॅश नव्हेच. तो सतत जळणारा दिवा आहे, एफ ११ ला अगदीच अपुरा.

खरेदीपूर्वी एक तपासणी मात्र टाळू नये. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा हॉट शू नीट बघावा. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या मॉडेलांच्या शूला मधली पिन नाही. साधे मॅन्युअल फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर त्याच पिनवर चालतात, त्यामुळे ते तिथे पेटत नाहीत. सोनीने २०१२ मध्ये शूच बदलला. गोडॉक्ससारख्या कंपन्या एकच फ्लॅश कॅननसाठी, निकॉनसाठी, सोनीसाठी निरनिराळा काढतात. नावाच्या शेवटचे अक्षर बघून घ्यावे. सर्वांत उत्तम म्हणजे स्वतःचा कॅमेरा दुकानात न्यावा आणि पेटवूनच पैसे द्यावेत. अब्बांच्या काळातला एखादा फ्लॅश ट्रंकेत असेल तर तो आठवणीसाठी ठेवा. जुन्या काही फ्लॅशच्या जोडणीवर २०० व्होल्टच्या वर दाब असतो, तो डिजिटल कॅमेऱ्याला मारू शकतो.

टीटीएल म्हणजे प्रकाश स्वतः मोजून सोडणारी सोय. चालत्या-फिरत्या घरात ती हवीच. पण तिलाही फसवता येते. काळ्या बुरख्यातल्या चौघी एकत्र उभ्या राहिल्या की ती अंधार समजून जास्त सोडते आणि चेहरे भाजून निघतात. तिथे फ्लॅशची भरपाई उणे एक करावी. पांढऱ्या शराऱ्याला उलट, अधिक एक.

बाळाच्या डोळ्यांचा प्रश्न बायका हमखास विचारतात. नेहमीच्या फ्लॅशने डोळे जात नाहीत. एक गोष्ट मात्र फोटो काढणाऱ्याने आणि आईने दोघांनी बघावी. फ्लॅशच्या फोटोत बुबुळ लाल येते ते साधे आहे. एकाच डोळ्याचे बुबुळ पुन्हा पुन्हा पांढरे येत असेल तर बाळाला लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. दरवेळी आजार असतोच असे नाही, पण मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ अशीच पहिल्यांदा दिसल्याची उदाहरणे आहेत, आणि तिथे दिवस मोलाचे असतात.

भाचीने शेवटी मान वळणारा, टीटीएलवाला मधला फ्लॅश घेतला, त्याच्याच कंपनीचा रेडिओ ट्रिगर आणि एक लहान सॉफ्टबॉक्स. सगळे मिळून दुकानात पहिल्यांदा दाखवलेल्या त्या मोठ्या फ्लॅशच्या आतच बसले. पुढचा निकाह होता बेगम पेठेत, पिस्ता रंगाच्याच खोलीत. तिने चादर टांगली. कामानंतर मेमरी कार्ड त्या घरच्या बाईंसमोर त्यांच्याच लॅपटॉपवर उतरवून दिले आणि स्वतःकडे काही ठेवले नाही. हा नियम तिचा तिनेच केला आहे. नवरीच्या नानीने मेहंदीचा फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाली, "माशाअल्लाह, वास यायचा बाकी आहे."

आता ती दुसरा फ्लॅश घ्यायचे म्हणते आहे. मी म्हटले, बेटा, आधी चांगले रिचार्जेबल सेल आणि चार्जर घे. वलीम्याला ऐन जेवणाच्या वेळी तुझे सेल बसले होते, ते मी विसरलेलो नाही.