कागद उचलणारी वायर

झेरॉक्सच्या दुकानात मशीन अडलं की गिऱ्हाईक काचेकडे बघतं, मालक टोनरकडे, आणि कामावरचा मुलगा बाजूचं दार उघडून कागद कुठे अडकलाय ते शोधतो. तळातल्या मोठ्या ड्रॉवरकडे कोणाचं लक्ष जात नाही. खरं तर ओझं वाहायचं काम त्याच्याकडे. ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदाची ५०० ची रीम साधारण २.३ किलोची असते. दोन हजार कागदांच्या ड्रॉवरमध्ये चार रिमा भरल्या की नऊ किलोंच्या वर गेलं. एवढा गठ्ठा वर न्यायचा, तोही सगळ्यात वरचा कागद आत ओढणाऱ्या पिकअप रोलरला जेमतेम टेकेल इतकाच, आणि मग कागद कमी होतील तसा थोडाथोडा वर सरकवत राहायचा. मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीच्या पोलादी वायरी हे दिवसभर करतात.

फोटोकॉपीच्या इतिहासात या वायरीचं नाव निघत नाही. तिथे चेस्टर कार्लसन आहेत. पेटंटच्या कामात कागदांच्या नकला करवून घेताना ते वैतागले होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात, गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्याच्या मदतीने त्यांनी पहिली कोरडी नक्कल काढली. मग १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ आलं. प्रकाश, विद्युतभार आणि पावडर यांचा मेळ घालायला दोन दशकं लागली आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण कागद खालून वर आणणं हे तेव्हाही साधं यंत्रकाम होतं आणि आजही आहे. म्हणूनच ते पेचकस आणि पक्कड घेऊन दुरुस्त होतं.

पाचशे कागदांच्या लहान ट्रेमध्ये सहसा वायर नसते. कागदांखालच्या पाटीला मोटरीवर फिरणारा एक दांडा खालून रेटतो, बस्स. मोठ्या ड्रॉवरला हे परवडत नाही, कारण पाटी सरळ वर जायला हवी, बिजागरीवर उचलून चालत नाही. म्हणून ती चार कोपऱ्यांना वायरींवर टांगलेली असते. प्रत्येक वायर ड्रॉवरच्या कडेच्या पुलींवरून फिरून तळाच्या शाफ्टवरच्या रिळापर्यंत येते. ड्रॉवर आत ढकलला की शाफ्टचं टोक मागच्या कपलिंगमध्ये बसतं, मोटर फिरते, वायर गुंडाळली जाते आणि पाटी वर येते. वरचा कागद पिकअप रोलरला उचलतो, रोलरसोबतची छोटी पट्टी सेन्सरचा उजेड अडवते आणि मोटर थांबते. शांत दुकानात पुढचं ऐकूही येतं. काही कागद गेले की मोटर क्षणभर घुरकते आणि गठ्ठा पुन्हा जागेवर येतो. ड्रॉवर बाहेर ओढला की कपलिंग सुटतं आणि पाटी आपल्याच वजनाने खाली येते. ती धाडकन आदळू नये म्हणून तिला डँपर असतो.

झोपाळ्याच्या चार कड्यांपैकी एकीत दुवा कमी-जास्त झाला तर बसणाऱ्याला लगेच कळतं. या पाटीचंही तेच. एक वायर पुलीवरून घसरली की एक कोपरा खाली राहतो. गंमत अशी की मशीन लगेच बंद पडत नाही. कागद तिरके यायला लागतात, दोन-दोन एकदम निघतात, एकाच बाजूला जॅम होतात. मग पिकअप रोलर बदलला जातो, सेपरेशन पॅड बदलतं, कागदाच्या ब्रँडला शिव्या बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जाणता मेकॅनिक आधी एकच विचारतो: दुसऱ्या ट्रेमधून प्रिंट नीट येते का? येत असेल तर रोग त्या एका ड्रॉवरचा.

वायर पुरतीच गेली की ठरलेल्या सेकंदांत सेन्सरपर्यंत काही पोचत नाही, आणि मशीन कोड दाखवून हात वर करतं. रिकोच्या बऱ्याच मॉडेलांवर पहिल्या ट्रेला एससी ५०१, दुसऱ्याला ५०२. दुरुस्तीच्या पुस्तकात त्यापुढे लिफ्ट मोटरचं नाव असतं, म्हणून नवखा इंजिनिअर मोटर मागवतो. मोटर बिचारी रिकामं रीळ फिरवत असते.

वायर तुटते ती वजनाने नाही. अशा वायरीची ताकद तिच्यावरच्या दोन-अडीच किलोंच्या कित्येक पट असते. तिला मारतं ते वाकणं. लहान पुलीवरून वर-खाली होताना प्रत्येक फेरीला तिचे बारीक तंतू वाकतात, सरळ होतात, आणि बाहेरचा एकेक तंतू थकून तुटतो. डोळ्याला ते दिसत नाही. सुती फडकं वायरीवरून हळूच फिरवलं की तुटक्या टोकांना धागे अडकतात. बोटाने तपासू नये, काट्यासारखं घुसतं.

घसरण्याचं कारण मात्र बहुतेकदा माणूसच. पाटीखाली पडलेला चुरगळलेला कागद, रिमेच्या वेष्टनाचा बोळा, एखादं झाकण, यांवर पाटी टेकते. वायर सैल पडते आणि पुढच्या फेरीला पुलीची खाच सोडते. कोणी कागद भरताना कुतूहलाने पाटी हाताने वर उचलून बघतो, तेव्हाही हेच होतं.

दुरुस्तीत हुशारीपेक्षा शिस्त लागते. वीज बंद, कागद बाहेर, ड्रॉवर रुळांवरून उतरवायचा. मोठा असेल तर दोघांनी. पुढचं कव्हर काढलं की पुलींवरच्या ई-क्लिपा दिसतात. त्या काढताना वर अंगठा ठेवला नाही तर क्लिप उडते आणि मग अर्धा तास टेबलाखाली. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा, कारण पुढच्या आणि मागच्या वायरीची वाट सारखी दिसली तरी सारखी नसते. वायरीच्या टोकाची गोळी रिळाच्या खाचेत पूर्ण बसली पाहिजे आणि वेढे एकावर एक न चढता शेजारी-शेजारी पडले पाहिजेत. नंतर पोलादी पट्टीने चारही कोपऱ्यांची उंची मोजायची. आधी रिकामी पाटी, मग एक रीम, मग पूर्ण भार. वायरीला तेल मात्र लावू नये. तेल कागदाला लागतं, कागदावरून रोलरच्या रबराला, आणि एक दुखणं काढून दुसरं बसतं.

आता जुगाडाबद्दल. काही मॉडेलांची वायर सुटी मिळते, काहींना अख्खा ड्रॉवर घ्यायला सांगतात, म्हणून लोक सायकलची ब्रेक वायर घालतात. तिचा मोह मला समजतो, पण ती साधारणपणे जाड तारांच्या एकाच पिळाची असते. हँडलपासून ब्रेकपर्यंत ओढायला ती उत्तम, बोटाएवढ्या पुलीवर तिला मुरड पडते. इथे लागते सात पिळांची, प्रत्येक पिळात सात तारा असलेली, म्हणजे ४९ तंतूंची लवचिक वायर, आणि टोकाला गाठ न मारता दाबून बसवलेली नळी. मासेमारीची नायलॉन दोरी घालणारेही आहेत. ती ताणली जाते, आठवडाभरात पाटी पुन्हा तिरकी. त्यापेक्षा भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या मशीनची वायर, फडक्याने तपासून घेतलेली, कधीही बरी.

वाद होतो तो बिलावर. मालक म्हणतो, “अहो, एकच तुटलीय, चारही कशाला बदलताय?” मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं असतं: “काका, बाकीच्या तिघी तितक्याच वर्षांच्या आहेत. आत्ता ड्रॉवर उघडाच आहे. पुढच्या महिन्यात परीक्षेच्या गर्दीत उघडायला लावलात तर वायरीचे पैसे तेवढेच, पण माझी फेरी वेगळी लागेल.” यात मी मेकॅनिकच्या बाजूचा. पाच दुकानांपैकी एखादं हे ऐकतं. बाकीची एकच वायर बदलून घेतात आणि ड्रॉवर कठड्यावरच्या रेघेपर्यंत भरून कामाला लागतात.