स्नायूंची भाषा

(आपण चालतो, लिहितो, ओझे उचलतो, हसतो. प्रत्येक हालचालीमागे स्नायू असतात. काम करताना स्नायूंत अतिशय सूक्ष्म वीज निर्माण होते. ती वीज मोजून माणसाच्या हालचाली कशा समजून घेतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

चिंचणी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. सकाळी किनाऱ्यावर गेले की माणसांच्या किती प्रकारच्या हालचाली दिसतात! कोणी होडी ओढत असतो. कोणी जाळे झटकत असतो. मासे विकणाऱ्या बायका डोक्यावर पाटी घेऊन ताठ मानेने झपझप चालत असतात. गावात शिरावे, तर काही घरांतून टकटक असा छिन्नीचा आवाज ऐकू येतो. येथे आणि आसपासच्या गावांत सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे बनवतात. या साच्याला 'डाय' म्हणतात. पोलादाच्या लहानशा तुकड्यावर फुले, पाने, वेलबुट्टी कोरायची. केसाएवढी चूक झाली, तरी साचा वाया जातो.

आमच्या शेजारी असेच एक कारागीर राहत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. त्यांचा हात फार बारीक काम करी. पण एका वर्षी त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे रात्री बधिर होत. पुढे पुढे तर हातातली छिन्नी गळून पडू लागली. चाचांनी तेल चोळले, हात शेकला, पण गुण येईना. डायकाम बंद पडले. घरात सहा माणसे खाणारी. चाचा गप्प गप्प राहू लागले.

शेवटी वाणगाव स्टेशनवर गाडी पकडून चाचा मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेले. मी तेव्हा आठवीत होतो. सोबत म्हणून मलाही नेले.

"डॉक्टरसाहेब, हा हात गेला तर घर कसं चालणार?" चाचांनी विचारले.

डॉक्टर म्हणाले, "चाचा, घाबरू नका. आधी तुमच्या हातालाच विचारू, त्याला काय झालंय ते."

हाताला कसे विचारणार? मला मोठे नवल वाटले. पण त्या दिवशी मी खरोखरच स्नायूंचा आवाज ऐकला.

मुलांनो, तो आवाज कुठून येतो, हे समजण्यासाठी आधी स्नायूंची थोडी ओळख करून घेऊ.

आपल्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. हाडांना जोडलेला स्नायू फक्त ओढू शकतो. तो ढकलू शकत नाही. म्हणून स्नायू बहुधा जोडीने काम करतात. दंडाच्या पुढचा स्नायू आखडला की कोपर वाकते. मागचा स्नायू आखडला की कोपर सरळ होते. एक ओढतो, तेव्हा दुसरा सैल सोडतो.

पण कधी ओढायचे आणि कधी सोडायचे, हे स्नायूला कोण सांगते? मेंदू सांगतो. मेंदूचा निरोप मज्जारज्जूतून खाली येतो आणि मज्जातंतूमधून स्नायूपर्यंत पोहोचतो. हातातील निरोगी मज्जातंतूमधून हा निरोप एका सेकंदात पन्नास मीटरहून अधिक वेगाने धावतो. एक मज्जापेशी स्नायूच्या अनेक धाग्यांना एकाच वेळी हुकूम देते. डोळ्याच्या स्नायूत एका पेशीच्या हुकमतीखाली दहा-वीसच धागे असतात. पायाच्या मोठ्या स्नायूत ते हजाराहून अधिक असतात. म्हणूनच डोळा नाजूकपणे हलतो आणि पाय जोराने ढकलतो.

निरोप पोहोचला की स्नायूच्या धाग्यांवरून विजेची एक बारीक लहर पळत जाते आणि त्यानंतर स्नायू आखडतो. ही वीज किती असते? कातडीवरून मोजली, तर ती फार तर काही मिलिव्होल्ट भरते. मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. विजेरीतल्या एका साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. यावरून स्नायूंची वीज किती क्षीण असते, याची कल्पना येईल.

एवढी क्षीण वीज माणसाला सापडली कशी? इटलीतील बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांनी मेलेल्या बेडकाच्या पायावर प्रयोग केले. मज्जातंतूला विजेचा स्पर्श झाला की तो पाय झटका देई. स्नायू आणि वीज यांचा संबंध आहे, हे त्यांनी १७९१ साली प्रसिद्ध केले. पुढे १८४९ साली जर्मनीतील एमील दु ब्वा-रेमाँ यांनी माणसाच्या हातातील स्नायूंची वीज मोजून दाखवली. हाताची बोटे मिठाच्या पाण्यात बुडवायची, ते पाणी तारांनी विद्युतमापकाला जोडायचे आणि एका हाताचा स्नायू जोराने आवळायचा. असे केले की मापकाचा काटा किंचित हलत असे. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी स्नायू, वनस्पती आणि धातू यांच्यात दिसणाऱ्या विजेच्या प्रतिसादांची तुलना केली. त्यांचा यावरील ग्रंथ १९०२ साली प्रसिद्ध झाला.

आज या मोजणीला 'इलेक्ट्रोमायोग्राफी' म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून डॉक्टर त्याला 'ई.एम.जी.' म्हणतात. मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत धातूच्या लहान चकत्या कातडीवर चिकटवतात. दुसऱ्या रीतीत अगदी बारीक सुई स्नायूत घालतात. चकतीने किंवा सुईने टिपलेली वीज यंत्र शेकडो-हजारो पटींनी मोठी करते. भोंगा माणसाचा आवाज मोठा करतो, तसेच हे आहे. मग ती पडद्यावर रेषांच्या रूपात दिसते आणि ध्वनिक्षेपकातून ऐकूही येते.

आता पुन्हा चाचांकडे वळू. डॉक्टरांनी त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या फुगीर स्नायूवर चकती लावली. नंतर कोपरापाशी आणि मनगटापाशी मज्जातंतूला विजेचा हलका झटका दिला. प्रत्येक वेळी अंगठा टुणकन उडाला. निरोप किती वेळात पोहोचला, ते यंत्राने मोजले. कोपरापासून मनगटापर्यंत निरोप नीट धावत होता. मनगटाच्या पुढे मात्र तो रेंगाळत होता.

डॉक्टर म्हणाले, "रस्ता मोकळा आहे, पण फाटकापाशी गाड्या अडकल्या आहेत, असं समजा. मनगटात हाडांचा आणि एका चिवट पट्ट्याचा अरुंद बोगदा असतो. त्यातून नऊ दोऱ्या आणि हा मज्जातंतू जातो. वर्षानुवर्षं मूठ आवळून काम केल्यानं आत सूज आली आहे. म्हणून मज्जातंतू दाबला जातोय."

नंतर त्यांनी बारीक सुई स्नायूत घातली. "हात अगदी सैल सोडा," ते म्हणाले. ध्वनिक्षेपकातून काहीच ऐकू आले नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मला कळेना, आवाज नाही यात आनंद कसला? त्यांनी समजावून सांगितले, "विश्रांती घेणारा निरोगी स्नायू गप्प असतो. मज्जातंतू तुटला किंवा मेला, तर थोड्या दिवसांनी स्नायू हात सैल असतानाही टपटप करू लागतो. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा तो आवाज येतो. चाचांचा स्नायू गप्प आहे. म्हणजे मज्जातंतू दाबला गेलाय, पण मेलेला नाही."

मग ते म्हणाले, "आता अंगठा उचला." लगेच तडतड, तडतड असा आवाज सुरू झाला. जोर वाढला तशी तडतड दाट झाली. चाचांचा स्नायू बोलत होता! चाचांच्या डोळ्यांत पाणी आले.

चाचांना मनगटाला लावायची पट्टी मिळाली. पुढे एक लहानशी शस्त्रक्रिया करून तो बोगदा मोकळा केला. काही महिन्यांनी शेजारून पुन्हा टकटक ऐकू येऊ लागली. मात्र आता चाचा छिन्नीची मूठ जाड कापड गुंडाळून धरत आणि दर तासाला हात मोकळा करत.

ई.एम.जी.चा उपयोग फक्त आजार शोधण्यासाठी होतो, असे नाही. निरोगी माणसाच्या हालचालीही त्यामुळे समजतात. आपले चालणेच पाहा. टाच जमिनीला टेकते, तेव्हा नडगीजवळचा स्नायू पाऊल अलगद खाली सोडतो. मग पोटरीचा स्नायू कामाला लागतो आणि शरीराला पुढे ढकलतो. हे सगळे एका सेकंदाच्या आत घडते. आपल्या ते लक्षातही येत नाही. पण पक्षाघातानंतर नडगीचा स्नायू वेळेवर काम करत नसेल, तर पाऊल फरफटते. कोणता स्नायू उशिरा जागा होतो, हे ई.एम.जी.वरून कळते. मग त्यानुसार व्यायाम देता येतो.

डहाणू-तलासरीकडे पावसाळ्यात भाताची आवणी चालते. बायामाणसे तासन्‌तास कमरेत वाकून रोपे लावतात. संध्याकाळी पाठ धरते. असे का होते? इंग्लंडमधील फ्लॉइड आणि सिल्व्हर या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात वाकणाऱ्या माणसांच्या पाठीतील स्नायूंची वीज मोजली. माणूस वाकू लागला की पाठीचे स्नायू जोराने काम करतात. पण पूर्ण वाकल्यावर ते जवळजवळ गप्प होतात! मग वरच्या शरीराचा भार कोण पेलतो? तो भार बराचसा पाठीच्या कण्याजवळील चिवट बंधांवर पडतो. हे बंध फार वेळ ताणले गेले की दुखू लागतात. म्हणून आवणी करताना मधूनमधून उभे राहून पाठ सरळ करावी. हा आळस नव्हे. ती शरीराची गरज आहे.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयावर काम झाले आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली कैवल्यधाम ही संस्था सुरू केली. योगाचे व्यायाम यंत्रांनी तपासून पाहावेत, हा त्यांचा आग्रह होता. आसनांच्या वेळी कोणते स्नायू किती काम करतात, याच्याही नोंदी तेथे पुढे घेण्यात आल्या. मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ साली अपंगांच्या उपचारासाठी आणि पुनर्वसनासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. त्या काळी पोलिओने अनेक मुलांचे पाय लुळे पडत. पोलिओचे विषाणू मज्जारज्जूतील पेशी मारतात आणि स्नायूंना निरोप मिळेनासा होतो. अशा मुलांचे कोणते स्नायू अजून जिवंत आहेत, हे कळणे फार महत्त्वाचे असे. लसीमुळे आपल्या देशात २०११ नंतर पोलिओचा रानटी विषाणू आढळला नाही. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

ज्यांचा हात तुटला आहे, अशा माणसांसाठी विजेवर चालणारे कृत्रिम हात तयार झाले आहेत. उरलेल्या हातातील स्नायू आवळला की त्याची वीज चकती टिपते आणि कृत्रिम बोटे मिटतात. मेंदूचा जुना निरोप अशा रीतीने नव्या हाताला मिळतो.

मात्र ई.एम.जी. सगळेच सांगत नाही. कातडीवरची चकती शेजारच्या स्नायूंचाही आवाज टिपते. वर्गाबाहेर उभे राहून आतला एकच मुलगा काय बोलतो ते ओळखायचे, तसे हे अवघड असते. स्नायू कधी आणि साधारण किती काम करतो, ते कळते. पण त्याने नेमका किती जोर लावला, हे थेट कळत नाही. म्हणून संशोधक सोबत कॅमेरे आणि पायाचा भार मोजणारे पाटही वापरतात.

यंत्र नसले, तरी तुम्ही एक गंमत करून पाहा. कानशिलावर बोटे ठेवा आणि दात दाबा. पोटरीवर हात ठेवा आणि टाचा उचला. कातडीखाली काहीतरी टणक होऊन हलते ना? तेच तुमचे स्नायू. ते दिवसरात्र तुमच्यासाठी राबतात. त्यांची तक्रार ऐकू आली, तर ती वेळेवर ऐका. चाचा आजही आम्हांला हेच सांगतात, "पोरांनो, हात आहे तर हुन्नर आहे. हाताला जपा."

शब्दार्थ
साचा – ठसा उठवण्याचे साधन. बधिर होणे – स्पर्श न कळणे. गुण येणे – बरे वाटणे. क्षीण – फार कमी, दुबळे. रेंगाळणे – हळूहळू जाणे. आवणी – भाताची रोपे लावण्याचे काम. पक्षाघात – लकवा. हुन्नर – कसब, कला.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चिंचणी गावात कशाचे साचे बनवतात?
(आ) स्नायू जोडीने काम का करतात?
(इ) लुइजी गॅल्व्हानी यांनी कोणत्या प्राण्याच्या पायावर प्रयोग केले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) स्नायूचा आवाज न आल्यामुळे डॉक्टरांना समाधान का वाटले?
(आ) आवणी करताना मधूनमधून पाठ सरळ का करावी?

३. वाक्यांत उपयोग करा: गुण येणे, नवल वाटणे, कामाला लागणे.

४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका कारागिराचे काम पाहा. त्याच्या हाताच्या हालचालींचे पाच वाक्यांत वर्णन करा.