शहराचें दप्तर

घरांतील वडील माणसाच्या पश्चात् घर विकावयाचें ठरतें. नातवाला परदेशीं शिकावयास जावयाचें असतें. किंवा जातीच्या दाखल्यासाठीं आजोबांचा एखादा जुना पुरावा हवा असतो. मग एरव्हीं कधीं सरकारी कचेरीची पायरी न चढलेलें सुशिक्षित कुटुंब एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत हिंडूं लागतें. नगरपालिकेंत सांगतात, तहसिलींत जा. तहसिलींत सांगतात, भूमि अभिलेखांत पाहा. महिना असा गेला म्हणजे घरांतील मंडळींची खात्री होते कीं, कागद मुळीं नाहींच, किंवा असून कोणी देत नाहीं. पुष्कळदां या दोन्ही समजुती चुकीच्या असतात. कागद असतो, तो भलत्या दारावर मागितलेला असतो, इतकेंच.

कोणताही सरकारी कागद पुढच्या पिढीला उपयोगी पडावा या हेतूनें लिहिलेला नसतो. लिहिणाऱ्या कचेरीला त्या वेळीं स्वतःचें कांहीं काम साधावयाचें असतें. कोणाला कर वसूल करावयाचा असतो, कोणाला सारा ठरवावयाचा असतो, कोणाला रोगराईचा हिशेब ठेवावयाचा असतो. म्हणून आपल्याला काय सिद्ध करावयाचें आहे, हा प्रश्न दुसरा. ही गोष्ट त्या काळीं कोणाला लिहून ठेवण्याची गरज होती, हा प्रश्न पहिला. त्याचें उत्तर मिळालें कीं कागदाचें घर सांपडलें म्हणून समजावें.

उदाहरणादाखल सातारा शहर घेतां येईल. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें आणि १८५३ सालीं तेथें नगरपालिका स्थापन झाली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं वसलेल्या या पेठांनीं छत्रपतींचें राज्य पाहिलें, कंपनीचा व पुढें राणीचा अंमल पाहिला, स्वातंत्र्यानंतरचें मुंबई राज्य पाहिलें आणि १९६० पासून महाराष्ट्र राज्य पाहिलें. प्रत्येक धन्यानें आपापलें दप्तर मागें ठेविलें. तें एका कपाटांत नाहीं. पण जेथें जेथें आहे तेथें तें कांहीं विशिष्ट नियमानें आहे.

पहिलें दार नगरपालिकेचें. येथें तीन प्रकारचे कागद मुख्यतः असतात : जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टीच्या आकारणीच्या वह्या आणि सभांचीं इतिवृत्तें. जन्ममृत्यूची नोंद हल्लीं १९६९ च्या कायद्याप्रमाणें होते. घटना घडल्यापासून २१ दिवसांत ती विनामूल्य करून घ्यावयाची असते. वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्याच्या हुकमावांचून ती होत नाहीं. या कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत शाळाप्रवेशासारख्या कामांना जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. पूर्वीं शाळेच्या दाखल्यावर भागत असे. आतां तसें भागणार नाहीं.

या नोंदींच्या बाबतींत लोक दोन चुका नेहमीं करितात. पहिली चूक ठिकाणाची. जन्म जेथें झाला तेथेंच त्याची नोंद असते, कुटुंब जेथें राहतें तेथें नव्हे. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपली जुनी चाल आहे. त्यामुळें सातारच्या घरांतील थोरल्या मुलाची नोंद सातारांत न सांपडतां कऱ्हाडास किंवा वाईस, आईच्या माहेरगांवीं, सांपडते. दुसरी चूक नांवाची. मूल जन्मतांच त्याची वर्दी दिली जाई, आणि बारसें मागाहून होई. म्हणून जुन्या नोंदींत पुष्कळदां मुलाचें नांवच नसतें. केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' असा शब्द आणि आईबापांचीं नांवें असतात. अशी नोंद शोधतांना मुलाचें नांव सांगून उपयोग होत नाहीं. बापाचें नांव, पेठ आणि अंदाजें महिना सांगावा लागतो.

याला जोडूनच हद्दीचा प्रश्न येतो. सातारा नगरपालिकेची हद्द २०२० सालीं वाढली आणि शाहूपुरी, विलासपूर यांसारखीं उपनगरें शहरांत आलीं. त्यापूर्वीं तेथें ग्रामपंचायती होत्या व त्या काळच्या नोंदी ग्रामपंचायतींच्या वह्यांत झाल्या. खेड्यांतील त्याहूनहि जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी 'कोतवाल बुक' या नांवानें ओळखिल्या जातात, आणि त्यांचा शोध तहसील कचेरींत घ्यावा लागतो. तेव्हां घटना कोणत्या साली घडली व त्या साली ती जागा कोणाच्या हद्दींत होती, हें ठरविल्यावांचून घराबाहेर पडूं नये.

घरपट्टीविषयीं एक गैरसमज फार दृढ आहे. पावती ज्याच्या नांवाची, घर त्याचें, असें पुष्कळांना वाटतें. नगरपालिकेला कर हवा असतो; तो कोणाकडून घ्यावयाचा एवढ्यापुरतें तिनें नांव लिहिलेलें असतें. घराचा मालक कोण, याचा निवाडा ती करीत नाहीं. समजा, शनिवार पेठेंत एका घरीं तीन भाऊ होते. दोघे नोकरीनिमित्त मुंबईस गेले. धाकटा गांवीं राहिला व कर भरीत राहिला. कांहीं वर्षांनीं आकारणीच्या वहींत त्याचें नांव लागलें. भाऊ वारल्यावर पुतण्यांना वाटलें कीं आपला हक्क बुडाला, आणि काकांना वाटलें कीं घर आपलें झालें. कोर्टांत जाण्याची वेळ आली तेव्हां कोणी तरी जाणत्यानें नगर भूमापनाचें मालमत्ता पत्रक काढावयास सांगितलें. त्यावर आजोबांचेंच नांव जसेंच्या तसें होतें. तो कागद अगोदर काढला असता तर दोन घरांचें बोलणें बंद झालें नसतें.

म्हणून दुसरें दार भूमि अभिलेख खात्याचें. शहरांत जेथें नगर भूमापन झालें आहे तेथें प्रत्येक मिळकतीला भूमापन क्रमांक असतो व तिचें मालमत्ता पत्रक उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कचेरींत मिळतें. भूमापनाच्या वेळीं कोणी काय हक्क सांगितला व अधिकाऱ्यानें काय ठरविलें, हें चौकशी नोंदवहींत असतें. जुन्या वादांत तिची नक्कल मोलाची ठरते. शेतजमिनीचें दप्तर तलाठ्याकडे. सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे तीन कागद तेथले. या पद्धतीचें मूळ जुनें आहे. इंदापूर तालुक्यांत १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जमिनीची पाहणी करून सारा बांधला. पुढें १९०३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणी सुरू झाली. हल्लीं हें सर्व १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें चालतें. सातबारा व मालमत्ता पत्रक यांच्या उलट पुरावा येईपर्यंत त्यांतील नोंद खरी मानली जाते. पण ती अखेरचा निकाल नव्हे. नुसता चालू उतारा पाहूनहि भागत नाहीं. नांव कोणत्या फेरफारानें चढलें, तो क्रमांक उताऱ्यावरच असतो. त्या फेरफाराची नक्कल काढली म्हणजे वारसानें, खरेदीनें कीं वाटणीनें नांव आलें, हें स्पष्ट होतें. असे मागें मागें गेलें म्हणजे तीन पिढ्यांचा इतिहास हातीं येतो.

तिसरें दार दुय्यम निबंधकाचें. दस्तांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८६४ चा. सध्यांचा १९०८ चा आहे. याविषयींची एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. स्थावर मिळकतीचे खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र वगैरे दस्त ज्या पहिल्या पुस्तकांत नोंदले जातात, तें पुस्तक व त्याच्या सूची ठरलेली फी भरून कोणाहि मनुष्याला पाहतां येतात; आपला संबंध सिद्ध करावा लागत नाहीं. घर घेणाऱ्यानें वकिलामार्फत मागील तीस वर्षांचा शोध घेण्याची जी रीत आहे, ती याच हक्कावर उभी आहे. मृत्युपत्रांचें पुस्तक मात्र निराळें. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल दुसऱ्याला मिळत नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर मिळूं शकते. अलीकडच्या वर्षांच्या सूची व डिजिटल सहीचे सातबारे आतां घरबसल्या संगणकावर मिळतात. पण जुन्या वह्यांसाठीं कचेरींत जाऊन बसण्यावांचून गत्यंतर नाहीं.

चौथें दार शाळेचें. प्रत्येक शाळेंत 'जनरल रजिस्टर' असतें. त्यांत मुलाचें नांव, बापाचें नांव, जन्मतारीख, जात व पूर्वींची शाळा लिहिलेली असते. जातीच्या दाखल्याच्या कामीं हें रजिस्टर अनेकदां निर्णायक ठरतें. अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठीं ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाति व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठीं १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या पूर्वींचा पुरावा महाराष्ट्रांत मागितला जातो. ज्या घरांत शेतजमीन नव्हती, खरेदीखत नव्हतें, त्या घरांतील आजोबा चौथीपर्यंत शिकले असतील तर तेवढी एक ओळ नातवाला कॉलेजांत जागा मिळवून देते. मास्तरांनीं त्या दिवशीं ती ओळ नीट लिहिली कीं नाहीं, यावर पुढच्या दोन पिढ्यांचें कांहीं अवलंबून असतें.

जुन्या कागदांत लिपीची अडचण येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ कारभारी लिखाण मोडींत होई. हातीं आलेला कागद वाचतां येत नाहीं म्हणून तो निरुपयोगी समजून परत करणें ही चूक होय. महाराष्ट्राचें पुराभिलेख खातें मोडीचें शिक्षण देतें, आणि जाणकारांकडून लिप्यंतर करून घेतां येतें. कंपनी सरकारच्या पूर्वींचा कागद हवा असल्यास पुण्याचें पुराभिलेखागार गांठावें लागतें. पेशवे दप्तराचे हजारों रुमाल तेथें आहेत. त्यांतील शाहू दप्तर सातारच्या छत्रपतींच्या कारभाराचें. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत या दप्तरांतील निवडक कागद ४५ खंडांत छापून काढिले. इनाम किंवा वतन असलेल्या कुटुंबांनीं प्रथम ते पाहावे.

आतां मागण्याची रीत. नेहमींच्या उताऱ्यासाठीं साधा नकलेचा अर्ज पुरतो. अर्जांत 'आमच्या घराचे सर्व कागद द्यावेत' असें लिहूं नये. त्याचें उत्तर नकारच येतें. कागदाचें नांव, मिळकतीचा क्रमांक, साल, व्यक्तीचें पूर्ण नांव असें एकेक लिहावें, आणि पोंच घ्यावी. कोर्टांत दाखल करावयाची असेल तर प्रमाणित नक्कल मागावी. साधी छायाप्रत तेथें चालत नाहीं. उत्तरच मिळत नसल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये फी, ३० दिवसांची मुदत. चुकीच्या कचेरींत अर्ज गेला तरी त्या कचेरीनें तो पांच दिवसांत योग्य ठिकाणीं धाडावा, असें कायदा सांगतो. महाराष्ट्रांत अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आंत असावा लागतो. नकार आल्यास ३० दिवसांत पहिलें अपील करतां येतें. मात्र या कायद्यानें असलेला कागद मिळतो. नसलेला तयार करून मिळत नाहीं. परक्या माणसाची खासगी माहितीहि नाकारली जाऊं शकते.

आणि कागद नसणें ही गोष्ट अशक्य नाहीं. सरकारी दप्तराचे वर्ग ठरलेले असतात : 'अ' वर्गाचे कागद कायमचे, 'ब' वर्गाचे तीस वर्षें, 'ड' वर्गाचे एकच वर्ष ठेवावयाचे. मुदत संपली कीं ते रीतसर नष्ट करितात. कायम ठेवावयाच्या वहीलाहि वाळवी लागते, पावसाळ्यांत छप्पर गळतें, कार्यालय हलवितांना गठ्ठे इकडचे तिकडे होतात. ज्या वहीला वर्षानुवर्षें कोणी हात लावीत नाहीं, तिची काळजी कोणी घेत नाहीं. उलट जी वही लोक मागतात ती वरच्या फळीवर येते, तिला नवें वेष्टन मिळतें.

म्हणून हें काम अडचण येईपर्यंत ठेवूं नये. घरांतील वडील मंडळी हयात आहेत तोंवर त्यांना विचारून जन्मगांवें, माहेरचीं नांवें, पूर्वींचे घरक्रमांक व शाळा एका वहींत लिहून ठेवाव्यात. मग एकेक उतारा सवडीनें काढावा आणि चूक दिसल्यास ती दुरुस्त करून घ्यावी. कचेरींतील दप्तराला वाट दाखविणारें दप्तर घरांतच असतें. तें बहुधा आजीच्या आठवणींत असतें, आणि त्याची नक्कल मागाहून कोणत्याहि कचेरींत मिळत नाहीं.