बिघडलेलं अक्षर कुठे बिघडलं?

बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागातल्या एका कार्यालयात मी सॉफ्टवेअरच्या तक्रारी सोडवतो. आमच्या प्रोग्रामचे दोन भाग आहेत. एक काउंटरवरच्या संगणकावर चालतो, दुसरा ग्राहक घरून ब्राउझरमध्ये उघडतात. दोन्हींच्या मागे डेटाबेस एकच. बेळगाव, कोल्हापूर, धारवाड या पट्ट्यातली नावं त्यात मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी शेजारी नोंदलेली असतात. त्यामुळे "नावं बिघडली आहेत" असा फोन अधूनमधून येतोच.

नवा प्रोग्रामर हा फोन आला की थेट कोड उघडतो. मी आधी एकच प्रश्न विचारतो: बिघडली म्हणजे नेमकी कशी दिसतात? चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं दिसतात, की परदेशी अक्षरं? डॉक्टर आधी जीभ आणि डोळे बघतात, तसंच हे आहे. अक्षराची मोडतोड ज्या प्रकारची, त्यावरून ते कोणत्या टप्प्यावर मोडलं ते बहुतेक वेळा कळतं. ही लक्षणं ओळखायला शिकलं की दोन दिवसांचं काम तासाभरात होतं.

अक्षर म्हणजे आकडा

संगणकाकडे अक्षरं नसतात, आकडे असतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा हे युनिकोड ठरवतं. 'क'चा आकडा २३२५. हा आकडा साठवताना किंवा पाठवताना त्याचे बाइट करावे लागतात आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. आज सर्वत्र वापरली जाणारी बाइट करण्याची पद्धत म्हणजे युटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, टेबलावरच्या कागदावर तिचा आराखडा मांडला. या पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. 'क'चे तीन बाइट आहेत २२४, १६४, १४९.

देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो. दुसरा १६४ किंवा १६५. तिसरा बदलत जातो. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं बरंच सोपं होतं.

आणखी एक हिशेब हवा. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं. युनिकोड मात्र ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी दहा चिन्हं मोजतं. त्यांचे बाइट होतात तीस. चार, दहा आणि तीस: एकाच नावाच्या या तीन लांब्या आहेत, आणि कोणता भाग कोणती लांबी मोजतो याचा घोळ झाला की बिघाड होतो.

लक्षणं ओळखूया

चौकोन. नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर निश्चिंत व्हा. आकडे शाबूत आहेत, त्या यंत्रावर देवनागरीचा फॉन्ट नाही एवढंच. तीच नोंद दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. डेटाबेसला हात लावायचं कारण नाही.

विस्कटलेली जोडाक्षरं. अक्षरं मराठीच आहेत, पण 'दिवस' मधली वेलांटी 'द'च्या नंतर पडली आहे आणि 'ज्ञ' फुटून हलन्त वेगळा दिसतो आहे. हे छापील पावतीत किंवा पीडीएफमध्ये फार आढळतं. पहिली वेलांटी साठवताना अक्षरानंतर येते आणि दाखवताना आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची बांधणी करणारा वेगळा भाग असतो. हार्फबझ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ब्राउझरमध्ये तो असतोच, पण पीडीएफ बनवणाऱ्या अनेक साधनांमध्ये नसतो. इथेही माहिती ठीक असते. साधन बदला, किंवा ब्राउझरकडूनच पीडीएफ बनवून घ्या.

परदेशी अक्षरं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्याच्या शेजारी कधी चार टोकं फुटलेलं गोल चिन्ह तर कधी जपानी येनचं चिन्ह, आणि हाच साचा पुन्हा पुन्हा. हे कोडं वरच्या आकड्यांनी सुटतं. बाइट युटीएफ-८ चे आहेत, पण वाचणारा त्यांना विंडोज-१२५२ या जुन्या पाश्चात्त्य तक्त्याने वाचतो आहे. त्या तक्त्यात २२४ म्हणजे तिरकी रेघवाला 'ए', १६४ म्हणजे ते गोल चिन्ह आणि १६५ म्हणजे येन. व्यंजनं १६४ च्या घरात राहतात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त १६५ च्या घरात, म्हणून त्यांच्या जागी येन उगवतो.

बेंगळुरूत बसून हे बघताना मला एक गोष्ट फार उपयोगी पडली. कन्नडचाही पहिला बाइट २२४ च आहे, पण दुसरा १७८ किंवा १७९. जुन्या तक्त्यात या आकड्यांना वर चढवलेले बारीक दोन आणि तीन हे अंक आहेत. म्हणजे बिघडलेल्या यादीत तिरक्या रेघेच्या 'ए'ला लागूनच येन दिसला तर ते नाव मराठी, आणि त्याच जागी वर चढलेले दोन-तीन दिसले तर कन्नड. कन्नड 'क'चे बाइट २२४, १७८, १४९ आहेत. तिसरा बाइट मराठी 'क'चाच. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे ठरलेल्या इस्की या मानकाची मांडणी युनिकोडने घेतली, म्हणून दोन्ही लिप्यांत 'क' आपापल्या तक्त्यात एकाच जागी बसला आहे. मोडलेल्या अक्षरांतही दोन भाषांचं भावंडपण असं दिसतं.

या लक्षणाचा सगळ्यात साधा नमुना एक्सेलमध्ये भेटतो. आपल्या प्रोग्रामने काढलेली सीएसव्ही फाइल ग्राहक दोनदा क्लिक करून उघडतो आणि सगळी नावं परदेशी होतात. फाइल बरोबर असते, पण ती युटीएफ-८ आहे हे एक्सेलला सांगणारं कोणी नसतं. फाइलच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट लिहा. ही खूण एक्सेल ओळखतो.

प्रश्नचिन्हं. हे सर्वांत वाईट लक्षण. परदेशी अक्षरांत मूळ बाइट लपलेले असतात; इथे ते गेलेले असतात. ज्या तक्त्यात देवनागरी नाहीच, त्यात अक्षर बसवायचा प्रयत्न झाला आणि जागा सापडली नाही म्हणून प्रोग्रामने '?' लिहून टाकलं. प्रश्नचिन्हं मोजा. 'ज्ञानेश्वर'च्या जागी दहा असतील तर तोवर नाव अक्षर म्हणून नीट ओळखलं गेलं होतं आणि शेवटच्या रूपांतरात गेलं. तीस असतील तर बहुधा बाइटच एकेक करून टाकले गेले. एसक्यूएल सर्व्हरवर याचं नेहमीचं कारण म्हणजे कॉलम एनव्हारचारऐवजी व्हारचार ठेवणं, किंवा क्वेरीतल्या मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी 'एन' लिहायला विसरणं. कारण दुरुस्त झालं तरी गेलेली नावं परत येत नाहीत. ती जुन्या बॅकअपमधून काढावी लागतात किंवा पुन्हा भरावी लागतात.

शंकरपाळीतलं प्रश्नचिन्ह. काळ्या शंकरपाळीच्या आकारात पांढरं प्रश्नचिन्ह दिसलं तर वाचणारा युटीएफ-८ च वाचतो आहे, पण बाइट त्या नियमात बसत नाहीत. खूण शब्दाच्या शेवटी एकटीच असेल तर कोणीतरी बाइट मोजून कात्री चालवली आहे. 'ज्ञानेश्वर' वीस बाइटवर कापलं तर 'ज्ञाने' एवढ्याला अठरा लागतात आणि 'श'चे दोनच बाइट उरतात. इंग्रजी नावांना वीस पुरतात म्हणून कोणी तसं ठरवलेलं असतं. ओरॅकलमध्ये व्हारचार-२ ची लांबी वेगळं सांगितलं नाही तर बाइटमध्येच मोजली जाते, हे टेबल बनवतानाच लक्षात घ्यावं.

निरर्थक रोमन मजकूर. दर तीन जागांनी फिरून येणारा साचा नाही, नुसती रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं. हा बहुधा जुन्या फॉन्टचा मजकूर. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारखी साधनं घराघरांत होती, त्या काळात रोमन अक्षरांच्या आकड्यांवर मराठी आकार चढवलेले असत. कन्नडमध्ये 'नुडी'च्या जुन्या फायलींचं असंच आहे. यात बिघाड काही नाही. त्या विशिष्ट फॉन्टचा रूपांतरक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

दिसतं, पण सापडत नाही. यादीत 'कऱ्हाड' आहे, शोधलं तर मिळत नाही. हे खास मराठीचं दुखणं. अर्धा 'र' दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आकडे वेगळे असतात. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक मानत नाही. म्हणून नाव साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्हीकडे एकच रूप करून घ्यायचं, एवढा नियम आपणच लिहायचा.

मधोमध बघा

लक्षण कळलं, आता जागा शोधायची. नावाचा प्रवास असा: ब्राउझरमधला फॉर्म, सर्व्हर, डेटाबेसशी जोडणी, टेबल, पुन्हा जोडणी, पुन्हा सर्व्हर, पान. एका टोकापासून तपासत जाऊ नका. मध्यावर, म्हणजे टेबलात बघा. पडदा दाखवतो त्यावर विसंबू नका, बाइट बघा. मायएसक्यूएलमध्ये हेक्स हे फंक्शन ते दाखवतं. टेबलात बाइट बरोबर असतील तर चूक वाचण्याच्या बाजूला, नसतील तर लिहिण्याच्या. अर्धा रस्ता एका प्रश्नात बाद झाला.

हीच युक्ती वेळेलाही लागू पडते. "मागच्या महिन्यात चालत होतं" असं ग्राहक म्हणाला आणि मधे हजार बदल झाले असले, तरी मधला बदल तपासून निम्मे बाद करत गेल्यास दहा तपासण्या पुरतात. गिटमध्ये बायसेक्ट ही आज्ञा यासाठीच आहे.

या रस्त्यावर सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे डेटाबेसशी जोडणी. पान युटीएफ-८, टेबल युटीएफ-८, पण मधली जोडणी जुन्या तक्त्यावर. मग डेटाबेस आलेले बाइट पाश्चात्त्य अक्षरं समजतो आणि त्यांचं पुन्हा युटीएफ-८ करतो. 'क'चे तीन बाइट होते, ते सात होतात. तरीही प्रोग्राममध्ये नाव अगदी छान दिसतं, कारण वाचताना तीच चुकीची जोडणी उलट दिशेने तेच रूपांतर करते. दोन चुका एकमेकींना झाकून वर्षानुवर्षं सुखाने नांदतात.

मग कोणीतरी नवा वेब भाग लिहितो, जोडणी योग्य ठेवतो आणि त्याला सगळीकडे येन दिसतात. दोष नव्या प्रोग्रामरवर येतो. एकदा असा दोष मीच एका नव्या मुलीला दिला होता, आणि टेबलातले सात बाइट बघितल्यावर तिची माफी मागितली होती. तिचाच कोड तेवढा बरोबर होता. चूक जिथे दिसली तिथेच ती जन्मली असं समजणं ही आमच्या कामातली सर्वांत महागडी सवय आहे.

अशी माहिती दुरुस्त करताना उलट रूपांतर करायचं असतं, पण आधी पूर्ण प्रत काढून ठेवा. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. हलन्ताचा तिसरा बाइट नेमका १४१ आहे. 'ए'चा १४३, 'झ'चा १५७. काही साधनं या रिकाम्या जागा जपतात, काही अडखळतात, काही बाइट गाळून टाकतात. त्यामुळे 'कमल' सुखरूप परत येतं आणि 'ज्ञानेश्वर' येत नाही. कन्नडच्या हलन्ताचा तिसरा बाइटही १४१ च, म्हणजे तिथेही जोडाक्षरांवरच संक्रांत.

तारखेची खूणही अशीच

हीच नजर इतर तक्रारींनाही उपयोगी पडते. जन्मतारीख १५ ऑगस्ट भरली आणि १४ ऑगस्ट साठली, अशी तक्रार आली तर वेळेसकट नोंद बघा. १४ ऑगस्ट, १८:३० असं दिसेल. भारताची वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे, म्हणून आपली मध्यरात्र म्हणजे तिकडे आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसहा. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने स्थानिक मध्यरात्र धरली आणि पाठवताना ती जागतिक वेळेत बदलली. जन्मतारखेला वेळ नसतेच. ती नुसता दिवस, महिना, वर्ष म्हणून पाठवा आणि साठवा.

एक ओळ जवळ ठेवा

माझ्या संगणकावर एक वाक्य कायम असतं: "एके दिवशी कऱ्हाडचा ज्ञानेश्वर झाडाखाली बसला." त्यात रिकाम्या जागांवर पडणारे 'ए' आणि 'झ' आहेत, पहिली वेलांटी आहे, ऱ्ह आहे, जोडाक्षरं आहेत. शेवटी मी एक इमोजी जोडतो, कारण त्याला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलच्या जुन्या 'युटीएफ-८'मध्ये तीनच मावत, चारांची सोय २०१० साली 'युटीएफ-८ एमबी-४' या नावाने आली. त्यामुळे मराठी नीट चालतं आणि इमोजी आला की नोंद अडते, अशीही एक तक्रार असते. वाक्याखाली माझ्या सहकाऱ्याने दिलेली एक कन्नड ओळ असते.

नवा फॉर्म, नवी पावती, नवी सीएसव्ही तयार झाली की ही दोन वाक्यं मी या टोकाने आत घालतो, त्या टोकाने बाहेर काढतो आणि बाइट ताडून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे. बेळगावच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला युनिकोड ठाऊक असायची गरज नाही. त्याच्या पावतीवर त्याचं नाव त्याच्या लिपीत, शेवटच्या हलन्तापर्यंत बरोबर यावं, हे पाहणं आमचं काम आहे.